विश्लेषण : एक दोरी, एक बटण, एक किल्ली… सामान्यांच्या हाती कॅमेरा देणारे जॉर्ज ईस्टमन कोण होते?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक जुन्या घरांत ओटीवरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींशेजारी एक फ्रेम असते. आत आजोबा किंवा आजी. चेहरा किंचित धूसर, डोळे उन्हाने बारीक झालेले, खांद्याशी दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा हात. म्हणजे हा फोटो मुळात त्यांचा एकट्याचा नव्हताच. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून, ते गेल्यावर, चेहरा तेवढा कापून मोठा केलेला असतो. तो घोळक्याचा फोटो काढला गेला नसता, तर घरात त्यांचा चेहराच उरला नसता. तो फोटो निघाला, कारण पाहुण्यांपैकी कुणाकडे तरी साधा रोलचा कॅमेरा होता. या साध्या कॅमेऱ्याची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली, ते अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन. त्यांच्या आयुष्याविषयी आणि त्या डब्याच्या करामतीविषयी…

ईस्टमन यांचे बालपण कसे गेले?

जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी झाला. वडिलांनी रॉचेस्टर शहरात व्यापारी शिक्षण देणारे विद्यालय काढले होते. जॉर्ज आठ वर्षांचे होण्याच्या सुमारास, १८६२ मध्ये वडील वारले आणि घराचा आधार गेला. आई मारिया यांनी घरात भाडेकरू ठेवून, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था करून संसार चालवला. दोन मोठ्या बहिणींपैकी केटी पोलिओने अपंग होती. जॉर्ज सोळा वर्षांचे असताना तीही गेली.

चौदाव्या वर्षी जॉर्ज यांनी शाळा सोडली आणि विमा कचेरीत आठवड्याला तीन डॉलरवर निरोप्याचे काम धरले. घरी रात्री हिशेबलेखन शिकत १८७४ मध्ये ते रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाले. पगार आठवड्याला पंधरा डॉलर. पै-पैचा हिशेब लिहून ठेवायची त्यांची सवय या काळातली. आईला पुन्हा कधी दुसऱ्यांसाठी राबावे लागू नये, ही या मुलाच्या धडपडीमागची मुख्य इच्छा होती. पुढे कितीही पैसा आला, तरी आई असेपर्यंत त्यांचे घर आईभोवतीच फिरत राहिले. त्यांनी लग्न केले नाही.

बँकेतला कारकून कॅमेऱ्याकडे कसा वळला?

वयाच्या विशीत त्यांनी सुट्टी घेऊन कॅरिबियन बेटांवरील सांतो दोमिंगोला जायचे ठरवले. बँकेतील एका सहकाऱ्याने सुचवले की प्रवासाची छायाचित्रे काढावीत. म्हणून १८७७ मध्ये त्यांनी छायाचित्रणाचे साहित्य विकत घेतले. प्रवास झालाच नाही, पण साहित्य घरी आले आणि ते पाहून ते चक्रावले. मोठ्या पेटीएवढा कॅमेरा, जड तिकाटणे, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि वर एक तंबू!

तंबू लागे, कारण तेव्हाची पद्धत ‘ओल्या काचे’ची होती. फोटो काढण्याच्या आधी तिथेच अंधारात काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुवायची. सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे नाणेघाटाचा फोटो हवा असेल, तर पायथ्याच्या वैशाखरेपासून अख्खी अंधारखोली डोक्यावरून वर न्यायची. हे शिकण्यासाठी ईस्टमन यांनी पैसे देऊन शिकवणी लावली. फोटो काढण्यापेक्षा हा पसारा कमी कसा करता येईल, याचाच विचार त्यांच्या डोक्यात जास्त घोळू लागला.

आईच्या स्वयंपाकघरात काय घडले?

इंग्लंडमधील नियतकालिकांत त्यांनी ‘कोरड्या काचे’विषयी वाचले. चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या सरसासारख्या पदार्थात मिसळून काचेवर थापले आणि वाळवले, तर ती काच कितीतरी दिवस टिकते. हवी तेव्हा वापरायची, सवडीने धुवायची. तंबूची गरजच संपते.

दिवसभर बँकेत काम आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात मिश्रण शिजवणे, असा क्रम सुरू झाला. दमून ते चुलीजवळच जमिनीवर झोपत. केवळ मिश्रण जमवून ते थांबले नाहीत. काचांवर एकसारखा थर देणारे यंत्र त्यांनी तयार केले, १८७९ मध्ये लंडनला जाऊन त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतही मिळवले. १८८० मध्ये रॉचेस्टरमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जागा घेऊन काचा विकायला सुरुवात केली. घोडागाडीचे चाबूक बनवणारे उद्योजक हेन्री स्ट्राँग यांनी भांडवल घातले आणि १ जानेवारी १८८१ पासून ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी बँकेत बढतीसाठी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

कंपनी पहिल्याच संकटातून कशी वाचली?

१८८२ मध्ये तक्रारी येऊ लागल्या. काचा निकामी निघत होत्या, फोटो उमटतच नव्हते. ईस्टमन यांनी दुकानदारांकडचा माल परत घेतला, बदलून देण्याचे आश्वासन दिले आणि कारखाना बंद ठेवून दोष शोधत बसले. शेकडो प्रयोग फसले. अखेर ते इंग्लंडला गेले आणि उलगडा झाला, की मिश्रणाची कृती बरोबर होती, पुरवठादाराकडून आलेले जिलेटिन बदललेले होते. त्यानंतर प्रत्येक कच्चा माल वापरण्यापूर्वी तपासायचा, ही शिस्त कंपनीत रुजली. माल बदलून देताना कंपनीची गंगाजळी जवळपास आटली, पण नाव टिकले.

काचेची जागा रोलने कशी घेतली?

काच कोरडी झाली तरी जड होती आणि फुटत होती. शिवाय एका काचेवर एकच फोटो. ईस्टमन आणि विल्यम वॉकर यांनी १८८४-८५ च्या सुमारास कागदाच्या लांब पट्टीवर थर देऊन ती गुंडाळण्याची सोय केली. सर्कारी जुन्या दस्तांच्या गुंडाळ्यांसारखी ही पट्टी एका रिळावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळली जाई. मात्र कागदाचे तंतू फोटोत उतरत. मग १८८९ मध्ये कंपनीतील रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाख यांच्या प्रयोगांतून सेल्युलॉइडची पातळ, पारदर्शक, लवचिक फिल्म बाजारात आली.

धंदेवाईक छायाचित्रकारांना रोल फारसा रुचला नाही. त्यांना काचेवरचा फोटो अधिक रेखीव वाटे. इथे ईस्टमन यांनी मोठा निर्णय घेतला. ज्यांना छायाचित्रण येते, त्यांच्या मागे लागण्याऐवजी ज्यांना ते अजिबात येत नाही, त्यांना गिऱ्हाईक करायचे.

पहिल्या ‘कोडॅक’मध्ये काय होते?

१८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा आला. ‘कोडॅक’ या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. ईस्टमन यांनी तो मुद्दाम जुळवला. उच्चाराला सोपा, चुकीचा लिहिता न येणारा आणि त्यांच्या आवडत्या ‘के’ अक्षराने सुरू होऊन त्याच अक्षराने संपणारा. आईचे माहेरचे आडनाव किलबर्न, तेही याच अक्षराचे.

कॅमेरा म्हणजे कातडे चढवलेला, दोन्ही हातांत मावणारा लाकडी डबा. वापरण्याच्या पायऱ्या तीनच. दोरी ओढून शटर ताणायचे, बटण दाबायचे, किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. डोकावून पाहायची खिडकीही नव्हती. डब्यावर कोरलेल्या रेषांच्या रोखाने नेम धरायचा. फोटो गोल येत, सुमारे अडीच इंच व्यासाचे. आत शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. किती झाले, हे सांगणारा आकडा नसल्याने वहीत नोंद ठेवावी लागे.

शंभर फोटो संपले, की अख्खा कॅमेराच टपालाने रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये कंपनी फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म भरून परत पाठवी. बटण तेवढे गिऱ्हाईकाने दाबायचे, बाकी सगळे कंपनी करणार, हा जाहिरातीचा आशय होता. खरी क्रांती इथेच होती. फोटो काढणे आणि फोटो धुणे ही दोन कामे पहिल्यांदाच वेगळी झाली. किंमत मात्र पंचवीस डॉलर, म्हणजे ईस्टमन यांच्या बँकेतल्या जवळपास दोन आठवड्यांच्या पगाराएवढी. अजून तो गरिबाचा कॅमेरा नव्हता.

साध्या कॅमेऱ्यात सगळे स्पष्ट कसे येते?

अशा कॅमेऱ्यात भिंग पुढे-मागे होत नाही. ते एका ठरावीक जागी कायमचे बसवलेले असते. तरीही काही पावलांपासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. कारण प्रकाश आत येण्याचे छिद्र लहान ठेवलेले असते. छिद्र जितके लहान, तितका जवळच्या आणि दूरच्या वस्तूंमधला स्पष्टतेचा फरक कमी. डोळे किलकिले केल्यावर चष्म्याविना पाटी वाचता येते, त्यातलेच हे तत्त्व. भिंगाची नाभीय लांबी कमी ठेवली, की याला आणखी मदत होते.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. छिद्र लहान, म्हणजे उजेड कमी. म्हणून ऊन हवे. शटरही एकाच ठरावीक वेगाचे, सेकंदाच्या काही दशांश किंवा त्याहून लहान भागापुरते उघडणारे. हात हलला, की फोटो हलला. म्हणून कॅमेरा छातीशी घट्ट धरून श्वास रोखायचा. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा नियमही त्यातूनच आला. सूर्य त्याच्या पाठीशी, म्हणजे समोरच्यांच्या डोळ्यांत. जुन्या फोटोंतील माणसे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी दिसतात, ती रागाने नव्हे, उन्हाने. आणि भिंतीवरचा मोठा केलेला चेहरा धूसर दिसतो, कारण निगेटिव्हवर तो हरभऱ्याच्या डाळीएवढाच असतो.

पुढे फिल्मला काळ्या कागदाचे अस्तर आले, त्यामुळे रोल दिवसाउजेडी भरता येऊ लागला. पाठीमागच्या लाल काचेच्या खिडकीतून अस्तरावरचा आकडा दिसे. तेव्हाच्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे, म्हणून काच लाल. साध्या डबा कॅमेऱ्यात फिल्म सरकवण्याचा आणि बटणाचा एकमेकांशी संबंध नसे. किल्ली फिरवायची राहिली, तर एकाच चौकटीत दोन फोटो उमटत आणि लग्नातली करवली बैलगाडीत बसलेली दिसे.

श्रेयाचा वाद काय होता?

लवचिक फिल्मचे सगळे श्रेय ईस्टमन यांच्या कंपनीचे नाही. न्यूजर्सीतील धर्मोपदेशक हॅनिबल गुडविन यांनी १८८७ मध्येच अशा फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तो अडकत-अडकत १८९८ मध्ये मंजूर झाला. १९०० मध्ये गुडविन यांचा मृत्यू झाला. त्यांचे पेटंट विकत घेतलेल्या कंपनीने खटला चालवला आणि १९१४ मध्ये कोडॅकला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले. ते पाहायला गुडविन हयात नव्हते.

प्रतिस्पर्ध्यांची पेटंटे आणि कंपन्या विकत घेऊन बाजार ताब्यात ठेवण्याचे धोरण ईस्टमन यांनी सातत्याने राबवले. १९१५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कोडॅकची मक्तेदारी बेकायदा ठरवली आणि १९२१ मधील तडजोडीत कंपनीला काही व्यवसाय विकावे लागले. स्वस्त कॅमेरा घरोघर पोहोचवणारा हा माणूस दुसऱ्या कुणी तो पोहोचवावा, याला मात्र राजी नव्हता.

एक डॉलरच्या ‘ब्राउनी’ने काय बदलले?

फेब्रुवारी १९०० मध्ये आलेला ब्राउनी कॅमेरा फ्रँक ब्राउनेल यांनी घडवला. पुठ्ठ्याचा डबा, साधे भिंग, फिरते शटर. किंमत एक डॉलर, सहा फोटोंचा रोल पंधरा सेंट. नाव घेतले ते तेव्हा लोकप्रिय असलेल्या चित्रकथांतील खोडकर बुटक्यांवरून, कारण गिऱ्हाईक होते शाळकरी मुले. पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या आसपास कॅमेरे खपले.

फोटोचा विषयही यातून बदलला. स्टुडिओत माणूस जाई तो ठेवणीतले कपडे घालून, ताठ बसून. आता अंगणात खेळणारे पोर, धुणे वाळत घालणारी आई, गाडीला जुंपलेला घोडा, हे सगळे फोटोत येऊ लागले. कुटुंबाचा अल्बम हा प्रकार खऱ्या अर्थाने इथून सामान्यांचा झाला.

भारतात आणि शहापूर-मुरबाडपर्यंत ही वाट कशी पोहोचली?

भारतात ही फिल्म आधी सिनेमाच्या रूपाने गाजली. ईस्टमन यांच्याच लवचिक फिल्ममुळे एडिसन यांच्या प्रयोगशाळेला चलत्‌चित्रे घेणे जमले. मुंबईत छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. कसारा घाटापलीकडच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके हे स्वतः छायाचित्रकार. त्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

साधा कॅमेरा मात्र खेड्यात उशिरा आला. स्वातंत्र्यानंतर बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री मध्यमवर्गीय घरांत दिसू लागला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो आणि उजेडासाठी ऊन व ढग अशा चित्रांची खूण. १९८०च्या दशकात हॉट शॉट आणि नव्वदीत कोडॅकचा केबी टेन आला. छत्तीस फोटोंचा रोल, चिमुकला फ्लॅश, दाबायला एकच बटण. तत्त्व तेच, १८८८ चे.

शहापूर तालुक्याला आसनगाव ते कसारा ही रेल्वे होती, मुरबाडला एसटीचाच आधार. कॅमेरा बहुधा मुंबई-ठाण्यात नोकरीला असलेल्या कुणाचा तरी. तो लग्नाला, गणपतीला, जत्रेला येताना घेऊन येई. छत्तीसातला एकेक फोटो मोजून निघे. संपलेला रोल स्टुडिओत किंवा कल्याणकडे निघालेल्या माणसाच्या हाती दिला जाई. कडेचे दोन-तीन फोटो उजेड लागून पांढरे निघत, काहींत मुंडकी कापली जात. तरीही जे येत, ते पाकिटासह पत्र्याच्या पेटीत जपले जात.

डोंगरपाड्यांवरची स्थिती याहून निराळी होती. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी वस्त्यांतील अनेकांचा पहिला फोटो निघाला तो कुठल्या तरी सरकारी ओळखपत्रासाठी. एक डॉलरचा कॅमेरा येऊन नव्वद-शंभर वर्षे लोटली, तरी तो इथे सर्वांचा झालेला नव्हता. त्यामुळे या भागातील भिंतीवरची ती एक फ्रेम काय मोलाची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ईस्टमन यांनी पैशाचे काय केले?

कंपनी वाढली तशी ईस्टमन यांनी १९१२ पासून कामगारांना नफ्याशी जोडलेला वार्षिक वाटा द्यायला सुरुवात केली. १९१९ मध्ये स्वतःच्या मालकीच्या समभागांचा मोठा हिस्सा कामगारांसाठी दिला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला ‘मिस्टर स्मिथ’ या टोपणनावाने त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर दिले. दाता कोण, हे कित्येक वर्षे बाहेर आले नाही. रॉचेस्टर विद्यापीठ, तेथील संगीत विद्यालय, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच्या टस्कीगी आणि हॅम्प्टन या संस्था, तसेच रॉचेस्टर, लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स आणि स्टॉकहोम येथील मुलांचे दंतचिकित्सालय, यांना त्यांनी हात सैल सोडून मदत केली. एकूण देणग्या दहा कोटी डॉलरच्या घरात जातात.

जगाला फोटो काढायला शिकवणारा हा माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर येण्यास नाखूश असे. आपल्याच शहरात तो ओळखू न येता रस्त्याने फिरू शके.

अखेरची वर्षे कशी होती?

आईचा मृत्यू १९०७ मध्ये झाला. त्या दिवशी आपल्याला रडू आवरले नाही, हे ईस्टमन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले होते. मोठे घर, रोज सकाळी वाजणारा ऑर्गन, सत्तरीनंतर आफ्रिकेत केलेल्या दोन शिकारसफरी, असे त्यांचे एकटे आयुष्य गेले. अखेरच्या काळात पाठीच्या कण्याच्या आजाराने ते ग्रासले. उभे राहणे अवघड झाले, चालणे पाय ओढत. आईचीही अखेरची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेलेली त्यांनी पाहिली होती. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. आपले काम झाले आहे, आता थांबायचे कशाला, अशा आशयाची छोटी चिठ्ठी त्यांनी मित्रांसाठी ठेवली होती.

आज त्या कॅमेऱ्याचे काय उरले?

फिल्मविना फोटो घेणारा पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन यांनी तयार केला. फिल्मचा धंदा बुडेल या भीतीने कंपनीने तो पुढे रेटला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. ईस्टमन यांनी काचेचा चालता धंदा मोडून रोल आणला होता. त्यांच्या वारसांना रोल मोडण्याचे धाडस झाले नाही.

आज माहुलीच्या वाटेवर किंवा नाणेघाटात एका सकाळी निघणारे फोटो कित्येक रोलांना पुरून उरतील. पण फोन बिघडला किंवा बदलला, की ते सारे एका क्षणात जातात. पेटीतली निगेटिव्ह मात्र कोरड्या, गार जागी राहिली, तर पन्नास वर्षांनीही तिच्यावरून फोटो निघतो. ज्यांच्या घरी अशी जुनी पाकिटे आहेत, त्यांनी ती पावसाळ्याच्या ओलीपासून दूर ठेवावीत, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नयेत, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. घोळक्यातील तो तिसरा माणूस कोण, हे सांगणारे आता घरोघरी एक-दोघेच उरले आहेत.